भुकेल्या अमीबांना एकमेकांचा पत्ता कसा लागतो?

पन्हाळ्याच्या उतारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला ऐन पावसाळ्यात झाडाखालचा पालापाचोळा सारला की खाली काळी, भुसभुशीत, ओली माती लागते. तिथे पानं कुजवण्याचं काम जीवाणू करत असतात. चमचाभर मातीत त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. आणि जिथे जीवाणू, तिथे त्यांना खाणारे आलेच. जंगलातल्या अशा मातीत जगभर आढळणारा एक खाणारा म्हणजे डिक्टिओस्टेलियम नावाचा अमीबा. एकच पेशी, लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. अंगाचा एक भाग पुढे ढकलायचा, बाकीचं अंग मागून ओढून घ्यायचं आणि वाटेत जीवाणू भेटला की त्याला वेढून गिळायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. खाणं भरपूर असेल तर तीन-चार तासांत एकाचे दोन होतात. दोघेही आपापल्या वाटेनं जातात, शेजाऱ्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं.

जीवाणू संपले की पाच-सहा तासांत चित्र पालटतं. आतापर्यंत सुटे हिंडणारे अमीबा एका दिशेला तोंड करतात, ओळीनं एकमेकांच्या मागे लागतात, ओळींचे ओघ होतात आणि सगळे ओघ एका जागी येऊन ढीग होतो. त्या ढिगात हजारो, कधी लाखभर पेशी असतात. पुढे त्या ढिगाचा एक सलग जीव बनतो, तो सरपटतो, योग्य जागी उभा राहतो आणि बारीक देठाच्या टोकाशी बीजाणूंचा गोळा धरतो. उपासमार सुरू झाल्यापासून साधारण २४ तासांत हे सगळं पुरं होतं.

यातला सरपटण्याचा आणि उभं राहण्याचा भाग बघायला देखणा आहे, पण मला जास्त विलक्षण वाटतं ते त्याआधीचं एकत्र येणं. ज्यांना मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, डोळा-कान काहीच नाही, त्यांना बोलावलं कुणी? कशानं बोलावलं? आणि हाक कुठल्या बाजूनं आली हे त्यांना कळलं कसं? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला विज्ञानाला काही दशकं लागली.

आधी एक घोळ मिटवू. ‘स्लाइम मोल्ड’ हे नाव दोन बऱ्याच वेगळ्या जीवांना लावलं जातं. पावसात सडक्या ओंडक्यावर पिवळाधमक, ओला, पसरत जाणारा लगदा दिसतो तो एक. तो म्हणजे हजारो केंद्रकं असलेली एकच अवाढव्य पेशी, आणि चक्रव्यूहातून वाट काढण्याचे जे प्रसिद्ध प्रयोग झाले ते याच्या एका भाऊबंदावर. दुसरा आपला डिक्टिओस्टेलियम. याच्या पेशी एकत्र येतात, पण एकमेकींत विरघळत नाहीत. शेवटपर्यंत प्रत्येक पेशीचं कातडं शाबूत असतं. दोघांपैकी कुणीही बुरशी नाही, नाव मात्र दोघांना बुरशीचं चिकटलं. इथून पुढे स्लाइम मोल्ड म्हटलं की तो हा दुसरा.

या गटातला पहिला जीव ऑस्कर ब्रेफेल्ड यांनी १८६९ मध्ये वर्णन केला, तो घोड्याच्या लिदीतून मिळाला होता. पण ज्या जातीनं पुढे प्रयोगशाळा गाजवल्या ती डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम केनेथ रेपर यांना १९३३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या पालापाचोळ्यात सापडली. १९३५ मध्ये त्यांनी तिचं वर्णन छापलं. काचेच्या डिशमध्ये अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, थोडे जीवाणू पसरले की ही जात मजेत वाढते. त्यामुळे अनेकांनी तिच्यावर काम सुरू केलं आणि सगळ्यांना एकाच कोड्यानं धरलं. जमण्याची जागा एकदा ठरली की लांबवरच्या पेशी नेमक्या तिकडेच कशा वळतात?

शंका बऱ्याच होत्या. पेशी जमिनीवर काही माग सोडत असतील का? एकमेकींना स्पर्शानं ओढत असतील का? कुठलीशी विद्युतशक्ती असेल का? १९४२ मध्ये अर्नेस्ट रुन्यन यांनी सेलोफेनसारख्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना पेशी ठेवल्या. पडद्याच्या एका बाजूला जिथे ढीग होत होता, त्याच जागेच्या दिशेनं पलीकडच्या पेशीही जमू लागल्या. म्हणजे स्पर्श लागत नव्हता. पडद्याच्या छिद्रांतून जाण्याइतकं बारीक काहीतरी पलीकडे पोचत होतं.

मग १९४७ मध्ये जॉन टायलर बॉनर यांचा प्रयोग आला, आणि तो इतका साधा आहे की शाळेतल्या पोराला सांगितला तरी पटावा. बॉनर यांनी जमणाऱ्या पेशी पाण्याखाली ठेवल्या आणि पाणी हळूहळू एका दिशेनं वाहतं केलं. ढिगाच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येत होतं तिकडे असलेल्या पेशी भरकटत राहिल्या. खालच्या अंगाला असलेल्या पेशी मात्र दूरवरूनही बरोबर ढिगाच्या दिशेनं निघाल्या. वीज किंवा चुंबकत्व असतं तर वाहत्या पाण्यानं त्यात असा फरक पडला नसता. पाण्यासोबत वाहून जाणारं काहीतरी ढिगातून बाहेर पडत होतं, म्हणजेच ते रसायन होतं. बॉनर यांनी त्याला ॲक्रेसिन असं नाव दिलं. नाव मिळालं, पण पदार्थ कोणता हे कळायला आणखी वीस वर्षं गेली.

वीस वर्षं का लागली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण सगळ्या यंत्रणेची किल्ली तिथेच आहे. पेशी जमत असतानाचं पाणी गोळा करायचं आणि दुसऱ्या भुकेल्या पेशींच्या जवळ सोडून बघायचं, हा उघड मार्ग होता. पण काही मिनिटांतच त्या पाण्यातली जादू निघून जायची. ब्रायन शॅफर यांनी १९५०च्या दशकात दाखवलं की पाणी ताजं ताजं, पुन्हापुन्हा देत राहिलं तर दुसऱ्या पेशी त्याच्याकडे वळतात, आणि जरा शिळं झालं की त्याच पाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कारण अमीबा हाक देणारं रसायन सोडतात, आणि त्यासोबत ते रसायन मोडून टाकणारं एन्झाइमही सोडतात. बोलायचं आणि बोललेलं लगेच पुसायचं. शास्त्रज्ञांच्या हाती जे यायचं ते पुसून झालेलं पाणी असायचं.

एन्झाइमला बाजूला काढल्यावर रसायन टिकू लागलं. त्याची ओळख पटली ती १९६७ मध्ये. डच शास्त्रज्ञ थिओ कोनाइन, बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे पदार्थ अमीबांच्या थेंबाशेजारी ठेवून बघितले. कोनाइन यांची पद्धत अशी होती, की अगारवर ठेवलेल्या थेंबातल्या पेशी आपणहून थेंबाची हद्द ओलांडत नाहीत. शेजारी ओढणारा पदार्थ असेल तरच त्या बाजूनं बाहेर पडतात. सायक्लिक एएमपी नावाचं रसायन ठेवलं, आणि पेशी हद्द सोडून निघाल्या.

सायक्लिक एएमपी हे नाव तेव्हा वैद्यकात गाजत होतं. अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शोधलं होतं, आपल्यासारख्याच सस्तन प्राण्यांच्या यकृतावर काम करताना. आपण घाबरतो, अंगात ॲड्रेनालिन वाढतं, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ॲड्रेनालिन पेशीच्या दारापर्यंत येतं, आत जात नाही. दारातला निरोप आत पोचवण्याचं काम सायक्लिक एएमपी करतं. या शोधासाठी सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. आपल्या पेशीत जो रेणू घरातल्या घरात निरोप नेतो, तोच रेणू मातीतला अमीबा घराबाहेर सोडून शेजाऱ्यांना हाक मारतो. इतका जुना, इतका कामाचा रेणू निसर्गानं दोन ठिकाणी वापरला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता रसायन कळलं. पण नुसतं रसायन सुटतं आणि पेशी त्याच्याकडे जातात, एवढ्यानं भागत नाही. एका पेशीनं सोडलेलं सायक्लिक एएमपी फार दूर जात नाही. थोड्या अंतरावर ते विरून तरी जातं, नाहीतर एन्झाइम त्याला गाठतं. मग काही मिलिमीटर लांब असलेल्या, म्हणजे आपल्या अंगाच्या शेकडो पट अंतरावरच्या पेशीला हाक ऐकू कशी येते?

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जी गर्दी लोटते ती आठवा. वाडी रत्नागिरीच्या वाटेवर मागं असलेल्याला पुढचं काही दिसत नाही. पुढं कुणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ म्हणतो, आजूबाजूचे ‘चांगभलं’ करून उठतात, ते ऐकून त्यांच्या मागचे, मग त्यांच्या मागचे. एका गळ्याचा आवाज शंभर माणसांपलीकडे गेला नसता, पण ती ललकारी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते, कारण ऐकणारा प्रत्येकजण स्वतः ओरडतो. आणि एकदा जीव तोडून ओरडलं की पुढचा श्वास घेईपर्यंत माणूस पुन्हा ओरडत नाही. म्हणून मागून त्याच्या कानावर आदळणाऱ्या आवाजाला तो पुन्हा उत्तर देत नाही, आणि ललकारी उलटी पुढं न येता खालीच उतरत जाते. आवाज वरून खाली जातो आणि माणसं खालून वर चालत असतात.

अमीबांचं अगदी असंच चालतं. शेजारून सायक्लिक एएमपीची लाट आली की पेशी दोन कामं करते. लाट जिकडून आली तिकडे सरकते आणि स्वतः सायक्लिक एएमपी सोडते. त्यामुळे लाट न विझता बाहेरबाहेर पसरते आणि पेशी आत आत येतात. सोडून झालं की काही मिनिटं पेशी गप्प असते, तिला कितीही हाका मारल्या तरी ती उत्तर देत नाही. त्या वेळात एन्झाइम आसपासचं रसायन साफ करतं. मग ती पुन्हा ऐकायला तयार. एका लाटेनंतर दुसरी लाट साधारण सहा मिनिटांनी येते. लाट मिनिटाला सुमारे ०.३ मिलिमीटर पुढं जाते. जत्रेशी एकच गोष्ट जुळत नाही. जोतिबाचं देऊळ आधीपासून डोंगरावर आहे, आणि इथे कुठेच देऊळ नाही. त्याकडे जरा वेळानं येतो.

त्याआधी एका पेशीला जवळून बघू, कारण खरी करामत त्या शंभरांश मिलिमीटरमध्ये घडते. पेशीच्या कातड्यावर सगळ्या बाजूंनी सायक्लिक एएमपी ओळखणारी प्रथिनं बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. हजारोंच्या संख्येनं, आणि पुढं जास्त, मागं कमी असं काही नाही, सगळीकडे सारखी. लाट येते तेव्हा पेशीच्या एका टोकाला थोडं जास्त रसायन लागतं, दुसऱ्या टोकाला थोडं कमी. दोन टोकांतला फरक कधीकधी अवघा एक-दोन टक्के असतो. एवढा बारीक फरक पेशी हेरते आणि आतल्या आत त्याला मोठा करते. जिकडे जास्त तिकडे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे झपाट्यानं विणले जातात, कातडं त्या बाजूला फुगतं आणि पाय बाहेर पडतो. मागच्या बाजूला आकुंचन होतं. गोलसर, जागच्या जागी चाचपडणारी पेशी लांबट होते आणि एक-दोन अंगभर पुढं सरकते.

त्याच वेळी रिसेप्टरनं दुसरीकडेही खबर दिलेली असते. आत एक एन्झाइम जागं होतं आणि एटीपीपासून, म्हणजे पेशीच्या रोजच्या इंधनापासून, सायक्लिक एएमपी बनवू लागतं. बनलेलं बरंचसं लगेच बाहेर सोडलं जातं. मिनिट-दोन मिनिटांत उत्पादनाचा जोर संपतो, कारण रिसेप्टर आता सरावलेले असतात. समोर तेवढंच रसायन राहिलं तर ते दाद देत नाहीत. रसायन पुसलं गेलं की त्यांची धार परत येते.

लाटेच्या बाबतीत एक अडचण आहे, तिच्यावर शास्त्रज्ञांनी बराच खल केला. लाट पेशीवरून पुढं निघून गेल्यावर काय होतं बघा. लाट येताना जास्त रसायन केंद्राच्या बाजूला होतं. निघून जाताना लाटेचा फुगवटा पेशीच्या पलीकडे, केंद्राच्या विरुद्ध बाजूला गेलेला असतो. आता जास्त रसायन तिकडे आहे. नियम ‘जिकडे जास्त तिकडे चल’ एवढाच असता तर पेशी मागं फिरली असती, आणि दर लाटेला तेवढंच पुढं, तेवढंच मागं करत जागेवरच राहिली असती. ती मागं फिरत नाही, कारण ती रसायनाचं प्रमाण वाढत असतानाच चालते. उतरतीच्या वेळी तिचे रिसेप्टर सरावलेले असतात, आणि एकदा ठरलेलं डोकं-शेपूट काही काळ तसंच राहतं. चढत्या लाटेला पाऊल, उतरत्या लाटेला थांबा. म्हणून पेशी दर लाटेला केंद्राकडेच जाते.

हे सगळं सावकाश, धक्क्याधक्क्यानं होतं. डिशवर बाजूनं उजेड टाकून खाली काळी पार्श्वभूमी ठेवली तर दाट पसरलेल्या पेशींच्या थरावर उजळ आणि काळसर पट्टे सरकताना दिसतात. चालणाऱ्या लांबट पेशी प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं विखुरतात, थांबलेल्या गोल पेशी वेगळ्या, म्हणून पट्टे. काही ठिकाणी ते एकात एक वर्तुळं काढतात, काही ठिकाणी फिरती सर्पिल नक्षी. हे पट्टे म्हणजे खरोखरच सायक्लिक एएमपीच्या लाटा आहेत, हे टॉमचिक आणि डेव्हरिओट्स यांनी १९८१ मध्ये रसायनाचंच चित्र घेऊन दाखवलं. अशा सर्पिल लाटा हृदयाच्या स्नायूतही उठतात, आणि तिथे त्या उठल्या की ठोक्याची लय बिघडते. दोन्हीकडचं गणित एकाच कुळातलं आहे.

पुसणाऱ्या एन्झाइमबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण लोकांना निरोप देणारं रसायन लक्षात राहतं आणि हे विसरायला होतं. या एन्झाइमचं नाव फॉस्फोडायएस्टरेज. ज्या अमीबांमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं आहे, ते जमूच शकत नाहीत. हाका मारतात, पण आधीची हाक न पुसल्यानं सगळीकडे नुसता कल्ला साचतो आणि दिशा म्हणून काही उरत नाही. बाहेरून हे एन्झाइम घातलं की तेच अमीबा जमायला लागतात. लाट, दिशा, विश्रांती, पुन्हा लाट, सगळं या पुसण्यावर उभं आहे. उलट बाजूनंही अडवता येतं: अगारमध्ये कॅफीन मिसळलं तर पेशींचं सायक्लिक एएमपी बनवणं मंदावतं आणि निरोप पुढं जाईनासा होतो.

आता देवळाकडे वळू. पहिली हाक कोण मारतं? बराच काळ असं धरून चालत, की काही पेशी जन्मतःच वेगळ्या असाव्यात, म्होरक्या असाव्यात, आणि त्यांनी साद घातली की बाकीच्या येतात. आपल्याला हे पटकन पटतंही. जमाव म्हटलं की आपण पुढारी शोधतो. १९७० मध्ये एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगल या दोघांनी कागदावर गणित मांडून विचारलं: सगळ्या पेशी अगदी सारख्या असल्या तर? उत्तर आलं, की तरीही त्या जमतील. सगळीकडे सारख्या पसरलेल्या पेशींत कुठेतरी योगायोगानं चार पेशी जास्त आल्या, तिथलं रसायन किंचित वाढलं, त्यामुळे आणखी चार तिकडे सरकल्या, रसायन आणखी वाढलं. पेशी भुकेल्या होऊन पुरेसं रसायन सोडू लागल्या आणि त्याला पुरेशा संवेदनशील झाल्या की आधीची सपाट, सारखी मांडणी टिकूच शकत नाही, ती आपोआप मोडून गोळे होतात. म्होरक्या असण्याची गरज नाही. केलर यांनी पुढे आयुष्यभर याबद्दल लिहिलं, की इतकं सरळ उत्तर समोर असून लोकांना म्होरक्याच का हवा असतो.

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि पुढच्या प्रयोगांनीही ते मोठ्या प्रमाणात उचलून धरलं. २०१० मध्ये एका गटानं चमकणारी प्रथिनं वापरून जिवंत पेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी थेट बघितलं. सुरुवातीचे ठोके, म्हणजे रसायन एकदम वाढण्याचे झटके, कुठल्या एका ठरलेल्या पेशीचे नव्हते. बाहेर रसायन थोडं साठलं की सुट्या पेशी अधूनमधून ठोका द्यायच्या, आज ही, उद्या ती. गर्दी पुरेशी झाली की ठोके एकमेकांशी जुळायचे आणि लाट उठायची. केंद्र नंतर दिसतं, पण ते आधीपासून कुणाच्या नावावर नसतं.

ओघ का तयार होतात, याचंही सुंदर उत्तर २००३ मध्ये मिळालं. सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम चालणाऱ्या पेशीच्या मागच्या टोकाला गोळा होतं. म्हणजे पेशी शेपटाकडून हाक देते. मागची पेशी साहजिकच पुढचीच्या शेपटाकडे ओढली जाते, तिच्या मागं तिसरी, आणि रांग लागते. एकदा ओघात शिरल्यावर पेशी एकमेकींना चिकटतातही, आणि चाल वाढते.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. ढिगाच्या टोकाला एक बोंड उगवतं, ढीग आडवा होतो आणि शंख नसलेल्या गोगलगाईसारखा सरपटू लागतो. लांबी दोन-चार मिलिमीटर. उजेड आणि ऊब यांच्याकडे त्याची ओढ असते, कारण मातीच्या पोटातून वर, हवेशीर जागी जायचं असतं. तिथे तो उभा राहतो. साधारण पाचवा हिस्सा पेशी देठ बनतात आणि मरतात. बाकीच्या त्यांच्यावरून वर चढून बीजाणू होतात आणि वाऱ्यापाण्याबरोबर, किड्यामुंगीच्या पायांबरोबर नव्या जागी जातात. मरणाऱ्या पेशींना यात काय मिळतं, फुकटे त्यात कसे शिरतात आणि त्यांना कसं आवरलं जातं, हा वेगळ्या लेखाचा ऐवज आहे.

सगळ्या जाती सायक्लिक एएमपीनंच हाक मारतात असंही नाही. पॉलिस्फोंडिलियम व्हायोलेसियम नावाची जांभळट जात ग्लोरिन नावाचं दुसरंच रसायन वापरते. त्याची रचना १९८२ मध्ये ज्यांनी शोधली त्यांत ओसामू शिमोमुरा होते, ज्यांना पुढे जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी २००८ चं नोबेल मिळालं. खाणं शोधताना अमीबांना जीवाणूंनी सोडलेलं फॉलिक ॲसिड दिशा दाखवतं, आणि काही जाती जमण्यासाठीही त्याच जवळपासचं रसायन वापरतात. जातींचे वंशवृक्ष तपासल्यावर असं दिसलं, की सायक्लिक एएमपी मुळात सगळ्यांकडे होतं, पण देठ आणि बीजाणू घडवण्याच्या शेवटच्या टप्प्यात. जमण्यासाठी ते वापरायला डिस्कॉइडियमच्या गटानं पुढे सुरुवात केली. ज्या यंत्रणेनं शरीर घडवायचं, तीच आधीच्या टप्प्यात ओढून घेतली.

जगभरच्या प्रयोगशाळा या अमीबावर इतकी मेहनत का घेतात, याचं एक कारण ऊस तोडणाऱ्याला लगेच समजेल. उसाच्या पानाची धार लागून बोट चिरतं. जखमेत जीवाणू शिरतात. थोड्याच वेळात रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्या जीवाणूंनी सोडलेल्या रसायनाचा माग काढतात, त्यांच्याही कातड्यावर त्याच घराण्यातले रिसेप्टर असतात, ॲक्टिन त्यांच्याही पुढच्या टोकाला विणलं जातं. आणि पोचलेल्या न्यूट्रोफिल स्वतः ल्युकोट्राइन बी४ नावाचं रसायन सोडून मागच्यांना बोलावतात. हाक ऐकून हाक पुढं देणं इथेही आहे. माणसाच्या शरीरात हे जिवंतपणी बघणं कठीण. डिक्टिओस्टेलियममध्ये जनुक काढून बघता येतं, घालून बघता येतं. त्याचा पूर्ण जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला, त्यात सुमारे १२,५०० जनुकं आहेत.

भारतातही यावर भरीव काम झालं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी या अमीबांच्या जमण्याचं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही अभ्यासलं, आणि त्यांच्या गटानं मुदुमलाईच्या जंगलातली माती आणि प्राण्यांची विष्ठा यांतून जंगली वाण मिळवले. त्यांत डिक्टिओस्टेलियम जायगँटियम आणि पर्प्युरियम होते. सह्याद्रीचाच तो दक्षिणेकडचा शेजार. आपल्या बाजूच्या मातीत हात घालायला कॉलेजच्या पोरांना काहीच अडचण नसावी, फक्त अभयारण्यातून माती उचलायची नाही, त्याला परवानगी लागते. कुणाच्या आमराईतली किंवा बांधावरच्या जुन्या झाडाखालची माती चालते. पाचट कुजलेल्या शेतातही बघायला हरकत नाही, पण जंगलाच्या मातीत हे अमीबा जास्त मिळतात.

पद्धत अशी. वाळलेलं गवत पाण्यात उकळून, गाळून त्या काढ्यात अगार घालायचं आणि डिश ओतायच्या. माती निर्जंतुक पाण्यात कालवून, पुरेशी पातळ करून थोडी डिशवर सोडायची आणि सोबत प्रयोगशाळेतल्या ई. कोलाय जीवाणूचा निरुपद्रवी वाण पसरायचा. तापमान २० ते २५ अंश हवं. म्हणून कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट उत्तम. एप्रिलच्या उकाड्यात एसी नसलेल्या खोलीत नाद सोडलेला बरा, डिस्कॉइडियमसारख्या जाती २७ अंशांच्या वर वाढत नाहीत. तीन-चार दिवसांनी जीवाणूंच्या दुधाळ थरात स्वच्छ गोल चट्टे दिसायला लागतात. तिथे अमीबांनी जेवण संपवलेलं असतं. नजर चट्ट्याच्या मध्याकडे न ठेवता कडेच्या किंचित आतल्या पट्टीवर ठेवा. बाहेर अजून खाणं चालू आहे, आत ढीग उभे राहून गेले आहेत, आणि मधल्या पट्टीत नुकत्याच भुकेल्या पेशी ओघ धरत असतात. एकाच डिशमध्ये सगळे टप्पे कडेकडून मध्याकडे ओळीनं मांडलेले मिळतात.

साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप पुरतो. डिशखाली काळा कागद आणि दिवा बाजूनं, तिरका. वरून लख्ख उजेड टाकला तर नुसतं पांढुरकं अगार दिसतं. दिवा गार, एलईडीचा हवा, कारण तापलेल्या दिव्यानं अगार सुकतं आणि पेशी थांबतात. सरपटणारे स्लग, म्हणजे ते आडवे झालेले ढीग, दिसायला लागले की डिश काळ्या कागदात गुंडाळून एका बाजूला टाचणीनं भोक पाडा आणि भोकासमोर मंद दिवा ठेवा, ते कुठं जातात ते दुसऱ्या दिवशी कळेल. काम झालं की डिश प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास ठेवा आणि मगच टाका.